सनईचा चौथा भाग

सनईचा विमा उतरवायचा म्हणजे वाजवणाऱ्याला तिचा सुटा भाग म्हणून नोंदवावं लागतं. नळी एक, पितळेचं तोंड दोन, पत्ती तीन आणि वाजवणारा चार. आमच्या विट्यात हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कंपनीचे सर्व्हेअर उपळेकर घरी आले आणि त्यांनी माझ्या सदऱ्यावर चारचा आकडा चिकटवला, तेव्हा तो नीट बसावा म्हणून मी छाती पुढं काढली.

विम्याला कारण होतं. आदल्या हंगामात एका वरातीत डीजेचा ट्रक मागं येताना आमच्या जोतिरामच्या संबळावर चढला आणि तो बिचारा सगळी लग्नसराई घरात माश्या मारत बसला. मी म्हटलं, आपण आधीच बंदोबस्त केलेला बरा. सनई माझ्या वडिलांची, आणि आमची चूल तिच्यावर पेटते. शिवाय माघात माझ्या वैजूचं लग्न ठरलं होतं.

त्या लग्नावरून घरात आधीपासूनच कटकट चालू होती. तालुक्यातल्या निम्म्या पोरी मी सनई वाजवून सासरी धाडल्या आणि माझ्याच पोरीच्या मांडवात दुसऱ्या कुणी फुंकायचं, हे मला काही केल्या पटत नव्हतं. पण आमच्यात मुलीचा बाप तिच्या लग्नात सनईला हात लावत नाही. त्याला कन्यादानाला बसावं लागतं.

"एका मांडवात दोन जागी कसं बसणार वो तुम्ही?" बायको, म्हणजे कलावती, म्हणायची. "एकतर बाप व्हा, न्हाईतर वाजंत्री."

"दोन्ही हुतो," मी म्हणायचो. कसं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

लग्न तोंडावर आलं आणि मी रुखवतातला लाडू खाल्ला. रुखवताचा लाडू मांडायचा असतो, खायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझे पुढचे दोन दात लाडवातच राहिले. सनई ओठांवर वाजते, पण ओठांना आतून दातांचा आधार लागतो. फुंकलं की नुसती हवा गळायची. मी कंपनीला कळवलं, वाद्य बंद पडलंय, तेव्हा दात बसवून द्या आणि बुडालेल्या सुपाऱ्यांचं काय ते बघा.

उपळेकरांनी सनई उलटसुलट पाहिली. मग मला उलटसुलट पाहिलं.

"वाद्य ठणठणीत आहे," ते म्हणाले. "चौथा भाग निकामी झालाय. आम्ही भाग दुरुस्त करत नाही, बदलून देतो."

"म्हंजी वो?"

"म्हणजे नवा येईल. जुना कंपनीकडे जमा होईल." मग ते कलावतीकडे वळले. "नेईपर्यंत कोरड्या जागी ठेवा."

नवा भाग बार्शीच्या एसटीनं आला. गजानन खरमाटे नाव. माझ्याच वयाचा, सगळे दात शाबूत, सदऱ्यावर चारचा आकडा. चपला बाहेर काढून आत आला आणि पाणी मागितलं. कलावतीनं त्याला माझ्या कपात चहा दिला.

"अगं, कप माझा हाय," मी म्हणालो.

"चौथ्या भागाचा हाय," ती म्हणाली. "आवं, कंपनीनं पाठवलंय म्हंजी कायतरी बघूनच पाठवलं असंल की."

तेव्हापासून मी ओसरीवर ट्रंकेशेजारी राहू लागलो. जागा कोरडी होती, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. डोकं मात्र चालेना. संध्याकाळी खरमाटे शेजारी येऊन टेकला.

"मला बी काय उमगंना, तातोबा," तो म्हणाला. "माझी पोरगी बी लग्नाची हाय बार्शीला. तिथं माझ्या जागी कोण जाणार, कुनास ठाव."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून सनई त्यानंच वाजवली. चांगली वाजवली, खोटं कशाला बोलू. मी धुतलेला फेटा बांधून कन्यादानाची वाट बघत होतो. वाजंत्री नाही तर नाही, बाप तरी आपण आहोतच, असं मनाला समजावत होतो. भटजींनी हाक दिली, "मुलीचे वडील या!" मी उठलो. मला न्यायला आलेले उपळेकर माझ्या आधी उठले.

"चौथ्या भागाच्या जागी खरमाटे आहेत," ते म्हणाले. "अर्धा बदल कंपनी धरत नाही."

खरमाट्यानं माझ्याकडे पाहिलं, सनई खाली ठेवली आणि कलावतीशेजारच्या पाटावर जाऊन बसला. वैजूनं मान वर केली, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. भटजींना वेळ गाठायची होती.

"मग वाजवणार कोण?" वराकडच्या एकानं आवाज चढवला. "बिनसनईचं कन्यादान करताय व्हय?"

उपळेकरांनी जरा विचार केला. "जुना भाग तात्पुरता जोडता येईल," ते म्हणाले.

अशा रीतीनं माझ्या पोरीच्या लग्नात मी सनई वाजवली. पत्ती ओठांत धरली, हवा गळत होती, तरी वाजवली. समोर दुसराच माणूस माझ्या पोरीचा हात जावयाच्या हातात देत होता. मला भडभडून आलं. पण रडलं की फुंकता येत नाही, म्हणून मी रडलो नाही. इतकं वाईट मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं आणि थांबावंसंही वाटेना.

निघताना वैजू खरमाट्याच्या गळ्यात पडून रडली. तोही खरोखर रडला. मग मुलीकडच्यांनी वाजंत्र्याला नारळ-टॉवेल द्यायचा असतो, म्हणून ती माझ्यापुढं आली. नारळ माझ्या हातात ठेवला.

"हवा गळत हुती," ती म्हणाली. "पर सूर वळखीचा हुता."

मग तिची गाडी निघाली. उपळेकरांनी माझ्या हातातला नारळ काढून घेतला. जमा झालेल्या भागाला मिळालेली वस्तूही जमा होते. मला त्यांनी जीपकडे नेलं.

"आता कुठं?" मी विचारलं.

"बार्शीला. तिथली एक सनई अडली आहे. तुम्हाला मी स्वतः वाजताना ऐकलं, चालू आहात."

खरमाटे मांडवाच्या तोंडाशी माझ्या वडिलांची सनई पुसत उभा होता. मी जीपच्या पायरीवरून त्याला हाक मारली.

"पोरीचं नाव काय?"

"शेवंता," तो म्हणाला. "आण्णा म्हनती मला."

वैजूही मला आण्णाच म्हणायची. बरं झालं, म्हटलं, आणि आत जाऊन बसलो.