वानरआजोबांनी बटण दाबलं

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळं सुरळीत चाललं होतं. सिंहमहाराजांना याचीच काळजी लागली.

तिथे जांभळाच्या शेंड्यावर एक म्हातारा वानर बसायचा. बिबट्या दिसला की तो ‘खक्! खक्!’ ओरडायचा. हरणं पळायची. बिबट्या उपाशी परत जायचा. इतकं मागासलेलं जंगल होतं ते.

शेजारच्या जंगलात म्हणे सगळं मोबाइलवर आलं होतं. महाराजांनी मग सातासमुद्रापार शिकून आलेला एक बगळा आणवला. तो डोळे मिटून एका पायावर उभा राही. सगळ्यांना वाटे, केवढा विचार करतोय!

बगळ्याने वानराला विचारलं, “आजोबा, तुम्ही ओरडता ते कोणासाठी?”

“हरणांसाठी.”

“हरणांना काय हवंय, हे त्यांना कधी विचारलंत?”

“जिवंत राहायचं असतं त्यांना. अजून काय?”

“हे तुमचं गृहीतक झालं,” बगळा हसून म्हणाला.

ओरडणं बंद झालं. प्रत्येकाच्या गळ्यात मोबाइल आला, मोबाइलमध्ये ‘सावध’ नावाचं ॲप आलं. टीम ठरल्या. वानराने पाहून बटण दाबायचं. घुबडाने खात्री करायची. पोपटांनी मजकूर लिहायचा. मग हरणांच्या गळ्यात ‘टिंग’ वाजणार. शिवाय रोज सकाळी सगळ्यांनी एका पायावर उभं राहून मीटिंग करायची. बगळ्याला ते छान जमे. बाकीचे पडत.

“पडण्यातूनच शिकायचं असतं,” बगळा म्हणे.

एक हरिणी मीटिंगमध्ये म्हणाली, “भाऊ, माझं पाडस आत्ता कुठे चालायला लागलंय. त्याला खक् खक् कळतं. टिंग कसं कळेल?”

“ताई, बदलाला घाबरायचं नाही,” बगळा मायेने म्हणाला.

टाळ्या झाल्या.

एका दुपारी ओढ्याकाठच्या गवतात ठिपके हलले. पाडस तिथेच बागडत होतं. हरिणी जरा पलीकडे चरत होती. वानराचं तोंड उघडलं. त्याने बगळ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि बटण दाबलं.

घुबड झोपेतून उठलं. “नक्की ठिपकेच ना? पट्टे असतील तर ते दुसऱ्या टीमकडे जातं.”

पोपटांचा वाद सुरू झाला. ‘बिबट्या’ हा शब्द फार नकारात्मक वाटतो, असं एकाचं म्हणणं पडलं.

“अरे, झेप घेतली त्याने!” वानर कुजबुजला.

“मग हे काम ‘चालू’ दाखवू की ‘पूर्ण’?” पोपटाने विचारलं.

टिंग! हरिणीने मोबाइल पाहिला. ‘आपल्या परिसरात ठिपकेदार पाहुणा येण्याची शक्यता आहे. ही सूचना उपयोगी वाटली का?’

ती ओढ्याकडे धावली. बऱ्याच वेळाने जांभळाखाली आली.

“आजोबा, तुम्ही पाहिलं होतंत ना?”

“पाहिलं होतं, पोरी.”

“मग?”

“बटण दाबलं.”

पुढे ॲपबद्दल सगळ्यांची मतं मागवली. ज्यांनी मतं दिली ते सगळे समाधानी निघाले. ज्यांची तक्रार असती, ते मत द्यायला उरलेच नव्हते. हरिणीने उत्तरात नुसतं पाडसाचं नाव लिहिलं. ॲपला ते कळलं नाही, म्हणून तिलाही समाधानी धरलं. बिबट्याने पाच स्टार दिले. ‘किती शांत जंगल! आता रोज येईन.’

महाराजांनी बगळ्याला शाल पांघरली. बगळा पुढच्या जंगलाकडे उडाला.

तात्पर्य : बदलाला कधीही घाबरू नये. घाबरलं की ओरडावंसं वाटतं, आणि ओरडायला आता बंदी आहे.