बुवांच्या बावीस पंगती

"तात्या, दारोदार फिरणं बंद! मी प्रोग्राम केलाय. बुवांच्या जेवणाची सोय पाच मिनिटांत!"

कल्याणच्या कंपनीत नुकत्याच लागलेल्या दिपेशनं छाती काढून सांगितलं आणि सप्ताह-कमिटीच्या विठूतात्यांनी मान डोलावली. धसईजवळच्या त्या गावात कीर्तनकाराचं जेवण एकाच घरी व्हायचं. यंदा तर चार वर्षं विनवल्यावर शहापूरकडचे शामबुवा मिळालेले. गळा असा, की पहिल्या अभंगालाच माणसाचे डोळे भरून यावेत!

दिपेशनं तेवीस घरांना फोनवर प्रश्न धाडला : 'बुवांना उद्या दुपारी जेवायला बोलावणार का?' कुणाकडे आजारपण, कुणाला मुरबाडला जायचं. बावीस घरांनी लिहिलं, 'नाय'. एकट्या गुणाबाईनं लिहिलं, 'हो'.

आणि तेवीसच्या तेवीस घरांत फोन वाजले : 'धन्यवाद! बुवा उद्या आपल्याकडे जेवायला येत आहेत.'

बावीस घरांनी कपाळाला हात लावला! पण बुवा येतायत म्हटल्यावर नको कोण म्हणणार? सकाळी घरोघरी पुरण शिजायला लागलं. सकुबाई तेवढी देवळाकडे धावत आली.

"दिप्या, मेल्या! मला सुतक हाय रे! सासऱ्यांना जाऊन चार दिस नाय झालं, नि बुवांना पोळी वाढू?"

"काकी, तुम्ही 'नाय' लिहिलेलंत ना?"

"लिवलेलं की! तुझ्या यंत्राला वाचता येत नाय?"

दिपेशनं लॅपटॉप उघडला आणि पांढराफटक पडला.

"तात्या, फोनवरून उत्तर निघतं ते अक्षरांच्या पुडीत बांधून. इथं पुडी सोडून त्याचं परत हो किंवा नाही करायचं असतं. तेच राहिलं! माझा प्रोग्राम फक्त बघतो, पुडी रिकामी की भरलेली. भरलेली, म्हणजे हो!"

"म्हंजे 'नाय' लिवलं तरी हो?"

"हो."

"अरे, हा प्रोग्राम हाय का पंगतीत आग्रह करणारी विहीणबाय?"

शामबुवा मोठ्या मनाचे. कुणाचं ताट नाकारायचं नाही म्हणून सकुबाईचं घर सोडून बावीस घरी बसले. प्रत्येक घरी एकच पोळी, पण वर तुपाची धार!

चारला कीर्तन उभं राहिलं. बुवांनी हात वर केले, "विठ्ठ..." आणि उचकी! मृदंगवाल्यानं तीही तालात घेतली. दुसऱ्या अभंगाला बुवा टाळकऱ्याच्या खांद्यावर मान टाकून उभ्या उभ्या झोपले. अख्खा मांडव आ वासून बघत राहिला. चार वर्षांची वाट, आणि घोरणं ऐकायला मिळालं!

निघताना तात्या पायाशी वाकले. "बुवा, पुढच्या वर्षी याल ना?"

बुवांच्या तोंडात ओवा. बोलवेना. दिपेशनं सवयीनं तोच प्रश्न प्रोग्राममध्ये टाकून फोन पुढे केला. बुवांनी रागारागानं लिहिलं, 'नाय'.

टिंग! 'धन्यवाद! बुवा पुढच्या वर्षी येत आहेत.'

दिपेशनं घाईघाईनं लॅपटॉप उघडला. तात्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"दिपेश, बाळा... दुरुस्त नको करू रे!"