कॅसेटमधलं घोडं

चष्मेवाल्याने जपून ठेवलेली जुनी कॅसेट इंटरनेटवर चढवली, तेव्हा त्याला वाटलं होतं, चार पिकलेली खोडं ऐकतील, डोळे पुसतील आणि आपापल्या कामाला लागतील. पण आठवडा उलटायच्या आत कुठकुठल्या देशांतल्या अनोळखी लोकांनी एकच प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडलं. मध्येच ते घोडं धावतं, ते गाणं कुठलं?

कॅसेट होती नव्वदच्या दशकातल्या एका रेव्ह पार्टीची. गावाबाहेरच्या बंद गोदामात एका डीजेने उजाडेपर्यंत वाजवलं होतं, त्याची. सेट असा की एक गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं, ते शोधणाऱ्याने शोधत बसावं. त्यात मध्यावर, बेसच्या खालून, हळूच टापा येतात. टकटक टकटक टकटक. बघता बघता घोडं बेसच्या खांद्याला खांदा लावून पळायला लागतं. मग एकदम थांबतं. ऐकणाऱ्याचा श्वास घशात. एक बारीकसा 'खच्', आणि पुन्हा घोडं चौखूर. चष्मेवाला दुकानात काचा घासता घासता रोज हेच ऐकायचा, आणि त्या जागेवर रोज त्याचा हात थांबायचा.

शेजारच्या औषधांच्या दुकानातला केमिस्ट या विषयातला मोठा जाणकार. मूळ कॅसेट त्याची. चष्मेवाल्याने ती एका दिवसापुरती मागून आपली प्रत करून घेतली होती. पुढे केमिस्टची कॅसेट गाडीतल्या टेपने चावून खाल्ली आणि जगात ही एकच उरली. पण केमिस्टकडे त्याहून भारी गोष्ट होती. तो त्या रात्री गोदामात होता. चष्मेवाला कांजिण्या घेऊन घरी पडला होता, आणि हे केमिस्टने त्याला आजवर विसरू दिलं नव्हतं.

"तुझं ऐकणं म्हणजे लग्नाचा अल्बम बघून ढेकर देणं," तो म्हणायचा. "ते घोडं सुटलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, काटा."

"मग गाणं कुठलं ते सांग की."

"सांगितलं की मजा गेली," म्हणून केमिस्ट गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायला वळायचा.

शेवटी लोकांनी थेट डीजेलाच गाठलं. आता तो म्हातारा झाला होता. एका मुलाखतीत छाती फुगवून म्हणाला, "ती रेकॉर्ड माझ्याकडेच आहे. एकच प्रत. पुन्हा वाजवेन तर सगळ्यांसमोर वाजवेन." झालं. सभागृह ठरलं, तिकिटं संपली. वेळ मात्र रविवारी दुपारी तीन ते सहा, कारण एकेकाळी उजाडेपर्यंत नाचणाऱ्यांना आता सातला गोळ्या घ्यायच्या असतात. कॅसेटचा मालक म्हणून चष्मेवाल्याला स्टेजमागे बोलावणं आलं. केमिस्टला साधं तिकीट. आयुष्यात पहिल्यांदा चष्मेवाला पुढे आणि केमिस्ट मागे होता.

रविवारी सकाळी खुशीत शर्टाला इस्त्री करताना त्याने सेट मोठ्याने लावला. आतल्या खोलीतून आई आली. ऐंशीला टेकलेली, पण अजून शेजारपाजारचे अभ्रे, पडदे शिवून द्यायची.

"हे तर माझं मशीन," ती म्हणाली.

"काय?"

"तुला कांजिण्या झालेल्या. तुझ्याकडे ती जोडायची वायर नव्हती. दोन टेप तोंडाला तोंड लावून ठेवलेस, आणि गेलास झोपी. मला शाळेचे गणवेश द्यायचे होते, मी तिथेच शेजारी बसले शिवायला."

चष्मेवाल्याची इस्त्री शर्टावरच थांबली. "आणि ते मध्येच थांबतं?"

"दोरा तुटला."

"तो खच्?"

"कात्री. शर्ट जळतोय बघ."

"पण ठेका कसा जुळला गं?"

"पाय आपोआप लागला त्याच्या मागे. हात चांगला होता त्या वाजवणाऱ्या पोराचा. दोन कापडं जोडलीत, पण शिवण कुठे दिसेल तर शपथ."

चष्मेवाला जळका शर्ट घालूनच सभागृहाकडे धावला. खरं बोलावं तर त्याचा लाडका डीजे साऱ्या जगासमोर खोटा पडणार. गप्प बसावं तर तो आज वाजवणार काय?

डीजे स्टेजमागे पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता. त्याने दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "तुम्हाला तरी माहीत आहे का हो, ते काय आहे?"

"सर, तुमच्याकडे एकच प्रत..."

"कसली प्रत. बोलून गेलो. लोक इतकं वाखाणत होते, मला वाटलं असेल आपलंच. त्या दिवसांतलं मला माझं लग्नसुद्धा आठवत नाही."

"सर," चष्मेवाला म्हणाला, "ते घोडं म्हणजे माझी आई."

सगळं ऐकल्यावर डीजेने पाठीची पिशवी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आहेत ना अजून?"

"अभ्रे शिवतायत."

"आणा."

पायाचं मशीन आणायचं तर टेम्पो हवा, आणि टेम्पो होता केमिस्टकडे. चष्मेवाल्याने मशीनवर चादर टाकली आणि त्याला सांगितलं, "आईला आणायचंय, आणि ही तिची खुर्ची. गुडघ्यांमुळे दुसरी चालत नाही." केमिस्टने दुसरी बाजू उचलली आणि त्याचे डोळे बाहेर आले. "काकू, खुर्ची आहे की रणगाडा?"

"सवयीची आहे रे," आई म्हणाली.

केमिस्ट तिकीट घेऊन पुढे बसायला गेल्यावर स्टेजवर, पडद्यामागे मशीन लागलं, पुढ्यात माइक लागला. आई बसली आणि लगेच उठली. "रिकामं मशीन मी चालवत नाही. कापड द्या." वेळ नव्हता. चष्मेवाल्याने अंगातला जळका शर्ट काढून दिला आणि तो बनियनवर उभा राहिला.

मग डीजेने सुरुवात केली, आणि वय विसरलेल्या हातांनी अशी गाणी एकमेकांत विणली की चष्मेवाल्याला गहिवरून आलं. बेस तळपायातून वर चढला. आईने मान डोलावली, पाय टेकवला आणि घोडं सुटलं. पडद्यापलीकडून अशी आरोळी आली की छत हललं.

आणि दोरा तुटला.

कॅसेटमध्ये नुसतं घोडं थांबायचं, डीजेने सगळंच थांबवलं. सभागृह गप्प. आई सुई धरून डोळे बारीक करत होती. "चष्मा घरी राहिला रे," ती कुजबुजली. चष्मेवाल्याचं अर्धं आयुष्य लोकांना चष्मे लावण्यात गेलं होतं, आणि जन्मदात्री सुईचं भोक शोधत होती. त्याने आपल्या नाकावरचा काढून तिच्या नाकावर ठेवला. नंबर जुळेना. दोघांनी मिळून दोरा चाटला. बाहेर शेकडो माणसं श्वास रोखून उभी, कुणीतरी चक्क रडायला लागलं. दोरा भोकात गेला. खच्. घोडं पुन्हा चौखूर, आणि पुढची कितीतरी मिनिटं कुणाला गुडघा आठवला नाही.

परतताना केमिस्ट घामाने निथळत होता. "थांबणं कॅसेटपेक्षा लांबवलं त्याने. याला म्हणतात कलाकार. तुला नाही कळायचं."

तो खुर्ची टेम्पोत चढवायला वाकला. चादर सरकली, चाक फिरलं. टकटक टकटक.

केमिस्ट तसाच वाकलेला राहिला. चाकाकडे पाहिलं, मग बनियनवरच्या चष्मेवाल्याकडे, मग आईकडे. 'खुर्ची' चढवून तो टेम्पो चालवायला बसला. चष्मेवाला संधीची वाटच बघत होता, इतक्या वर्षांचं उट्टं काढायला त्याने वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

सिग्नलला केमिस्टने घसा खाकरला. "काकू, त्या रात्री गोदामात तुम्हीपण होतात ना? मला अंधुकसं आठवतंय."

आईने खिडकीची काच खाली केली.

"होते की. तूच सारखा मध्ये मध्ये नाचत होतास."