पाठीवरची बोलणी

कुआंगबाबांना ऊन बाधलं आणि अंगातली उष्णता उतरावी म्हणून लाली येईपर्यंत पाठ घासून द्यायला घरात कोणी नव्हतं. बायको श्यूजन वारून बावन्न दिवस झाले होते. चाळीस वर्षं तीच त्यांच्या पाठीला चहाच्या बियांचं तेल लावायची, चिनीमातीच्या चमच्याने पाठ लालभडक होईपर्यंत घासायची आणि घासता घासता नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. आता घर इतकं गप्प होतं की बाबांना नळाचं ठिबकणंसुद्धा बरं वाटे.

त्यांनी लेकीला फोन केला. "मला काही झालेलं नाही. तू येऊ नकोस," असं ठणकावून फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि सदरा काढून खुर्चीवर ठेवला. फोन बंद करायचा राहून गेला.

मग शेजारच्या लुओवहिनींना हाक मारली. बाई म्हणजे गरीब गाय. मांजर कुरवाळावं तसा चमचा फिरवू लागल्या.

"भाऊजी, लाली काही उमटत नाही हो."

"उमटेल. जरा शिव्या घाला."

"अगबाई! मी?"

"ती घालायची. त्याशिवाय या पाठीला कळत नाही."

वहिनींनी घसा खाकरला. "तुम्ही... तुम्ही ना, अगदी हे आहात."

"असं मिळमिळीत नको. मेल्या म्हणा! आणि हात दाबून."

"मेल्या!" वहिनी म्हणाल्या आणि हळूहळू त्यांना चेव चढला. तीस वर्षं स्वतःच्या नवऱ्याला बोलायचं राहिलेलं सगळं त्यांनी या परक्या पाठीवर काढलं. "ऐतखाऊ! नुसतं गिळायला पाहिजे!"

"आई गं!" बाबा कळवळले. "अजून!"

वीस मिनिटांत लेक, यिंग, हेल्मेट उगारून दारात उभी. "कोण मारतंय माझ्या बाबांना?"

वहिनी दचकल्या, चमचा फरशीवर पडून फुटला, आणि पदर नसल्यामुळे तोंडाला हातच लावून त्या पळाल्या.

यिंगने तेलाची वाटी पाहिली, पाठ पाहिली आणि तिचा पारा चढला. "भर दुपारी टोपी न घालता बुद्धिबळाला जायचं! घामेजल्या अंगाने पंख्याखाली लोळायचं! आणि वर लेकीला सांगायचं, काही झालं नाही! माणूस आहात की..."

शब्द आईचे होते, सूरही तोच. तिच्याही ते ध्यानात आलं. ती थांबली आणि खाली बसून तुकडे गोळा करू लागली.

"आईचा चमचा होता, बाबा. आता कशाने घासू?"

बाबांनी तिच्याकडे तोंड वळवलं नाही. डोळे वाहत होते.

"घासणं राहू दे गं," ते म्हणाले. "तू नुसती बोल."