तिरक्या टेकूची जागा

इंग्लंडमधल्या एका लहान गावात, भाड्याच्या जुन्या घराचा एक लाकडी टेकू नोव्हेंबरात घर सोडून निघून गेला आणि त्याच्या जागी शर्वाणी धामणकरची निवड झाली.

घराचा सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा, मधे चुन्याच्या पांढऱ्या भिंती. वरचा मजला गल्लीवर पुढे आलेला. खिळा कुठेच नाही. प्रत्येक सांध्यात लाकडी खुंटी आणि शेजारी सुताराने कोरलेली खूण. टेकूच्या रिकाम्या खाचेजवळची खूण सकाळी शर्वाणीच्या खांद्यावर उमटली. ती दुखत नव्हती, म्हणून शर्वाणी जास्तच घाबरली.

नगरपालिकेच्या मिसेस प्रिचर्ड आल्या. त्यांनी दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं.

"जुळतात," त्या म्हणाल्या.

"अहो, आम्ही भाडेकरू आहोत," शर्वाणीचा नवरा निरंजन म्हणाला.

"भाडेकरू चालतात."

"मग मला घ्या."

"तुमच्या खांद्यावर आहे खूण?"

निरंजनने शर्ट काढून आरशात पाहिलं. नव्हती.

"मी नाही म्हटलं तर?" शर्वाणीने विचारलं.

"जबरदस्ती नाही. पण शेजारचं घरही याच तुळईवर आहे." त्यांनी चहा संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

दुपारीच दोघं बॅगा घेऊन निघाली. गल्लीच्या टोकाला पोचतात तोच मागे लाकूड करकरलं. वरचा मजला पुढे झुकला होता. शेजारच्या खिडकीत म्हातारे मिस्टर हॉबडे चाकाच्या खुर्चीत बसले होते. ही दोघं सहलीला निघालीत असं समजून ते हात हलवत होते. त्यांच्या डोक्यावर चुना भुरभुरत होता.

"चल, मागे बघू नकोस," निरंजन म्हणाला.

"निरू, त्यांना उठता येत नाही रे."

तिने बॅग खाली ठेवली.

दोघं परतली. मिसेस प्रिचर्डनी बोलावलेल्या सुताराने तिला वरच्या मजल्याखालच्या खाचेत तिरकं उभं केलं. खुंटी ठोकताना तिने निरंजनचा हात इतका घट्ट धरला की त्याची बोटं पांढरी पडली. मग करकर थांबली.

संध्याकाळी निरंजनने तिला बशीतून चहा पाजला.

"थंडी वाजतेय?"

"नाही." तिने मान वळवायचा प्रयत्न केला, पण ती वळली नाही. "वरचं कपाट तेवढं रिकामं कर. आणि वर चपला काढून चालत जा."