थ्री फेजचा वासू

वासू घोडखांदे स्टेजवर चढला की आधी खिशातून टेस्टर काढतो. माईक, माईकचा स्टँड, लोखंडी खुर्ची, सगळ्यांना लावून बघतो. नागपूरच्या एका कॅफेत त्याने चहाच्या ट्रेलाही टेस्टर लावला होता. विचारलं तर म्हणतो, "मले डाऊट हाये."

वर्ध्याजवळच्या आंजी गावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेले पंप दुरुस्त करता करता हा गडी लॅपटॉपवर सूर जुळवायला शिकला. रोशन गिटार वाजवतो आणि गातो. मी शाळेत गणित शिकवतो आणि ड्रम बडवतो. तिघे म्हणून बँडचं नाव 'थ्री फेज'. दुकानामागच्या खोलीत आमची प्रॅक्टिस सुरू झाली की रस्त्यावरच्यांना वाटतं, मोटार ट्रायलला लावली. सहा वर्षांत आम्ही कॉलेजांत वाजवलं, कॅफेंत वाजवलं, आणि हिंगणीच्या एका लग्नात दुसऱ्या गाण्यालाच वरमाईने 'पुरे' म्हणून हात जोडले.

वासूचा संशय विजेपुरता असता तर चाललं असतं. पण जग आपल्या धुना चोरायला टपलंय, अशी त्याची खात्री आहे. म्हणून तो डोक्यावरून दुपट्टा घेऊन, वाफारा घ्यावा तसा लॅपटॉपवर वाकून वाजवतो. वर्ध्याच्या गॅदरिंगमध्ये साउंडवाला वायर बघायला मागे आला, तर याने भर गाण्यात लॅपटॉप खाडकन मिटला. निम्मं गाणं गायब! लोकांना वाटलं संपलं, टाळ्या पडल्या.

"पोट्टा आपली धून पाहून राह्यला होता!" वासू म्हणाला. तेव्हापासून ते गाणं तिथेच संपतं.

दोन महिन्यांपूर्वी त्याने नवंच काढलं. "सर, फक्त एक ठोका मारा. आता हलका. आता रागानं." एकेक ठोका तो रेकॉर्ड करायचा. कशाला, विचारलं तर "असंच." वासू कधी काही असंच करत नाही. माझ्याही डोक्यात किडा वळवळला: हा मशीनचा ड्रमर बनवतोय, आता मला नारळ मिळणार.

खरं तर माझ्याही पोटात एक गोष्ट होती. बायको कोल्हापूरला नोकरीला, म्हणून मी तिकडे बदली मागितली होती. वासूला सांगायला जीभ रेटत नव्हती. तरीही राग मलाच आला.

एका रविवारी मी तडकलोच. "मला काढायचं असेल तर तोंडावर सांग."

वासूने लॅपटॉपवरचा दुपट्टा स्वतःच्या हाताने बाजूला केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. स्क्रीनवर रेकॉर्डिंगच्या नावांची रांग होती: 'सर हलका', 'सर रागात', 'सर पेपर तपासून आल्यावर'.

"तुमची बदली होनार," तो म्हणाला. "मले कवाचाच डाऊट हाये. फुटक्या काड्यांले टेप लावून वाजवून राह्यले तुमी. नव्या घेतच नाई."

मी ड्रमवर ठेवलेल्या काड्यांकडे पाहिलं; दोन्हींना टेप होती.

"तीनातला एक फेज गेला का मोटार जळते, सर. रोज पाह्यतो मी. म्हनून तुमचा हात भरून ठेवून राह्यलो."

मी टेप लावलेल्या त्याच काड्या उचलल्या आणि म्हटलं, "घे, अजून एक."

मी ठोका मारला. "पुन्हा," तो म्हणाला. मी मारला. "पुन्हा." असे वीसेक झाले, तेव्हा माझं लक्ष गेलं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेलाच नव्हता.

मी काड्या नीट धरल्या. पुन्हा मारला.