हात केला की बोट वळते

या, जवळ सरका. मागं भिंतीला टेकून नका ऐकू. कीर्तनाला बसतो तशी मांडी घाला, मोबाईलचं तोंड बंद करा, आणि टाळ आणले असतील तर ते मांडीवरच राहू द्या. भाटघर धरणाच्या पाण्यावर गेल्या मार्गशीर्षात घडलेली गोष्ट आहे. हसू आलं तर दाबू नका. देवाला हसणारी माणसं आवडतात, असा आमचा पक्का समज आहे.

तर कुमारनं कोकणातून कॅटामरान आणली. म्हणजे दोन लांबट होड्या शेजारी शेजारी, आणि दोघींच्या डोक्यावर मिळून एकच माची. माचीवर बाकं, वर कापडी छत, मागं इंजिन. गावानं तिचं नाव लगेच 'जोडबोट' करून टाकलं. धक्क्यावर कुमारनं फलक लावला : 'फुल डे क्रूझ आणि आयलंड अ‍ॅडव्हेंचर'. आयलंड म्हणजे मधलं टेकाड. धरण भरलं की त्याच्या चारी बाजूंनी पाणी होतं. उन्हाळ्यात तिथं गुरं पायी चरायला जातात, पण उन्हाळ्याचं फलकावर लिहायची काही गरज नव्हती.

जोडबोटीच्या स्टेरिंगवर कुमारचे चुलते, रखमाजी. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला गुंडाळलेली टापशी, आणि उभं आयुष्य ह्याच पाण्यावर लाँच चालवण्यात गेलेलं. पलीकडच्या वाड्यांना रस्ता नव्हता तेव्हा बाळंतीण, नवरी, तांदळाचं पोतं, कीर्तनाचे बुवा, सगळं रखमाजींनीच ह्या काठाचं त्या काठाला नेलं. त्यांचा नेम एकच. काठावरून कुणी हात केला की लाँच वळायची. कोण आहे, कशाला आहे, हे नंतर. पुढं रस्ता झाला, लाँच बंद पडली आणि रखमाजी ओट्यावर बसून वाळत चालले. जोडबोट आली तसे ते पुन्हा हिरवे झाले.

पहिल्या सफरीच्या सकाळी कुमारनं त्यांना बाजूला घेतलं.

"काका, आज पुण्याची पार्टी हाय. सगळी रिटायर मंडळी. त्यांच्यासंगं ट्रॅव्हल कंपनीच्या प्रेरणा मॅडम आल्यात. आजची सफर टाइमात झाली तर सगळा सीझन त्या आपल्याकडं माणसं धाडणार."

"बरं हाय की."

"पन त्या म्हनत्यात, स्टेरिंगला कोकनातला ट्रेनिंगवाला मानूस ठेवा. म्या म्हनलं, आमचं काका बगा आधी. तवा आज काय गडबड झाली तर उद्यापासनं तुमी ओट्यावर. समजलं का?"

रखमाजींना समजलं. त्यांनी माळेला हात लावला, पाण्याला नमस्कार केला आणि स्टेरिंग धरलं. मागं चुलीच्या सामानाशी त्यांची बायको सखूबाई बसली होती. दुपारचं पिठलं-भाकरी तिच्याकडं होती. ती म्हणाली, "व्हतंय समदं. चला."

पार्टीचे म्होरके आनंदराव. गोल टोपी, गळ्यात दुर्बीण, आणि स्वभाव असा की भिंत दिसली तरी तिची विचारपूस करतील. बोट धक्क्यापासून थोडी लांब गेली नाही तोच त्यांना काठावर गवत कापणारी एक बाई दिसली. आनंदरावांनी टोपी काढली आणि दोन्ही हात हलवले. "नमस्कार! नमस्कार!"

ती धोंडाबाई. एवढ्या लांबून कुणी ओळख दाखवली, तर गप्प कसं राहायचं? तिनं विळा काखेत धरला आणि हात वर केला.

जोडबोट वळली.

"काका!" कुमार ओरडला. "कुठं निघाला?"

"हात केला तिनं."

"अवो, ती नुसती..." पण तोवर बोटीची दोन्ही नाकं चिखलात टेकली होती.

"काय रं कुमार, काय झालं?" धोंडाबाईनं काठावरून विचारलं.

"आत्ती, तू हात केलास."

"त्या पावन्यांनी केला म्हनून म्या केला."

"मग जाऊ आमी?"

धोंडाबाईनं बोटीकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं. "एवढी मोठी बोट माज्यासाठी वळवून आनली, आन् म्या न्हाई म्हनू? ते काय बरं दिसतं व्हय?" असं म्हणून ती विळ्यासकट वर चढली. आनंदरावांनी टाळ्या वाजवून तिचं स्वागत केलं आणि आपल्या शेजारची जागा दिली.

प्रेरणा मॅडमनी घड्याळ पाहिलं. "कुमार, ह्या कोण?"

"आत्या हाय माजी. लांबची." कुमारनं ओशाळून सांगितलं.

पुढच्या काठाला वाडीच्या बाया धुणं धूत होत्या. आता बोटीवरून आनंदराव हात हलवत होते आणि धोंडाबाईही हलवत होती, शिवाय नावं घेऊन हाका मारत होती. धुणं धुणाऱ्यांनी हात केले. एकीच्या हातात पिळलेलं लुगडं होतं, तिनं लुगड्यासकट केला. बोट वळली. "आवं, धोंडाआत्ती निगाली आन् आपन हितंच?" एवढ्याच विचारावर पाच जणी चढल्या. धुणं तसंच बादल्यांत, बादल्या बाकाखाली. कुमारला एकीलाही नको म्हणता येईना. एक मामी होती, एक मावससासू व्हायची शक्यता होती, आणि ती शक्यता आजच मोडायची त्याची तयारी नव्हती.

तिसऱ्या काठावर मात्र खरी गंमत झाली. तिथं पारावर काही माळकरी म्हातारे उन्हाला बसले होते. त्यांनी पाहिलं : रखमाजी स्टेरिंगवर, छताखाली बायाबापड्या, शेजारी पांढऱ्या कपड्यातली पुण्याची मंडळी. एवढी मिसळ माणसं एका बोटीत कशाला जातील?

"कीर्तन असंल कुठंतरी," एक म्हातारा म्हणाला.

"मोठं बुवा आलं असतील. पुन्याची मानसं बगा की."

"आन् आपल्याला सांगितलं न्हाई?"

"न्यायला आलीच हाय की बोट! हात करा, हात करा!"

ते घरात धावले, टाळ घेतले, एकानं पखवाजही घेतला, आणि हात करून उभे राहिले. रखमाजी वळले. कुमार धावत स्टेरिंगपाशी आला.

"काका, मॅडम तिकडं लाल झाल्यात! कशाला थांबता?"

"आरं, हात केला की. पान्यावरनं हात केलेल्या मानसाला टाकून कसं जायाचं? म्या ते कंदी केलं न्हाई."

"मला ओट्यावर धाडायचंय का तुमाला?"

रखमाजींनी स्टेरिंगवरच्या आपल्या हाताकडं पाहिलं. "मला ओट्यावर जायाचं न्हाई," ते हळू म्हणाले, "पन हात वळतो रं आपोआप."

टेकाडावर पोचायला दुपार झाली. तिथं दोरीचा पूल होता, धनुष्यबाण होते, टायरचा झोका होता. पुण्याची मंडळी पुलावर चढली. माळकरी मंडळी निशाणाच्या फळीपुढं ओळीनं मांड्या घालून बसली, कारण फळी उभी, तिच्यापुढं मोकळी जागा आणि वर सावलीचं कापड; बुवा तिथंच उभे राहणार, ह्यात कुणालाही शंका नव्हती. आनंदराव बाण घेऊन आले तर समोर टाळकरी. त्यांनी धनुष्य खाली ठेवलं आणि तेही मांडी घालून बसले. धोंडाबाई तेवढ्यात टायरच्या झोक्यावर जी बसली, ती जेवणाची हाक येईपर्यंत उतरली नाही.

जेवायला ठरल्यापेक्षा दुपटीहून जास्त तोंडं. सखूबाईनं पातेल्यात नुसतं डोकावून पाहिलं, पिठल्यात पाणी वाढवलं, वर मिरचीचा ठेचा कुटला आणि धुणंवाल्या पाच जणींना भाकऱ्या थापायला बसवलं. कुणी उपाशी उठलं नाही. पण बुवा काही आले नाहीत, तेव्हा म्हाताऱ्यांनी आपापसातच भजन धरलं, आणि ते रंगलं. सफरीचं वेळापत्रक त्यात कुठं बुडालं ते कळलं नाही.

भजन संपलं तेव्हा प्रेरणा मॅडम कुमारला म्हणाल्या, "ही क्रूझ आहे की यष्टी? मी ऑफिसला काय सांगू? परतीला एक जरी स्टॉप झाला ना, तर विषय संपला."

कुमारचा तोल सुटला. त्यानं रखमाजींना सगळ्यांदेखत पकडलं. "काका, माळेवर हात ठेवा. म्हना, आजपासनं कुनीबी हात केला, हाक मारली, तरी बोट वळवनार न्हाई."

"आरं, माळेची शपथ नको घालू."

"म्हना! मी सोता सांगितलं तरी वळवनार न्हाई म्हना!"

"कुमार," सखूबाई म्हणाली, "जरा इचार कर. माळेची घेतली की ती सुटत न्हाई."

"सुटायलाच नको हाय, काकी!"

रखमाजींनी माळ मुठीत धरली, डोळे मिटले आणि शपथ शब्द न शब्द म्हटली. उघडले तेव्हा ते डोळे ओले होते. "झालं," ते म्हणाले. "आता स्टेरिंग माजं. बरोबर?"

"तुमचंच. वेळेवर निगायचं. भोंगा दिला की निगायचं. वाड्यांच्या लोकांना धक्क्यावरनं टेम्पोनं सोडतो मी."

निघायच्या वेळेला ऊन कलतं झालं होतं. प्रेरणा मॅडमना कंपनीच्या जाहिरातीसाठी सूर्यास्ताचा व्हिडिओ हवा होता. कुमार त्यांना टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला घेऊन गेला. इकडं रखमाजींनी भोंगा दिला. मंडळी चढली, बादल्या चढल्या, पखवाज चढला. दुसऱ्यांदा भोंगा दिला, जरा थांबले, तिसऱ्यांदा दिला, आणि वेळेवर निघाले. सबंध आयुष्यात माणसं मोजून न घेता निघायची त्यांची ही पहिलीच वेळ.

बोट बरीच पुढं गेली तेव्हा टेकाडाच्या माथ्यावर दोन आकृत्या दिसल्या. दोघंही दोन्ही हात वर करून नाचत होते.

"अरे वा!" आनंदराव उभे राहिले. "निरोप द्यायला आलेत! किती प्रेमळ माणसं आहेत इथली!" त्यांनी टोपी हलवली. सगळ्या पार्टीनं हात हलवले. धोंडाबाईनं विळा हलवला.

सखूबाईनं डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं. "अवो, त्यो आपला कुमार हाय. आन् ती मॅडम."

"दिसलं मला," रखमाजी समोर बघत म्हणाले.

"मग?"

"हात केलाय त्यानं. म्हनूनच थांबता येत न्हाई."

तेवढ्यात रखमाजींच्या खिशातला मोबाईल वाजला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुमार ओरडत होता. "काका! मागं फिरा! आमी राहिलो हितं!"

"आरं पोरा, तूच म्हनलास ना, मी सोता सांगितलं तरी वळवू नको?"

"ते रागात म्हनलो मी!"

"माळंला राग कळत न्हाई रं. ती नुसती ऐकती."

बोटीवर चर्चा सुरू झाली. माळकऱ्यांचं मत पडलं की शपथ मोडता येत नाही. पुण्याच्या मंडळींचं मत पडलं की माणसं सोडता येत नाहीत. धोंडाबाईचं मत पडलं की टेकाडावर टायर आहे, रात्र जाईल. रखमाजींचा हात आपोआप वळायला बघत होता आणि त्यांनीच तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

सखूबाईनं पदर खोचला. "सरा तिकडं."

"म्हंजी?"

"शपथ तुमी घेतली. म्या न्हाई घेतली. सरा."

"तुला स्टेरिंग येतं?"

"इतकी सालं लाँचमदी तुमच्या पाठीला बसून काय डोळं मिटलं व्हतं व्हय? तुमी जाऊन टाळ घ्या."

रखमाजी उठले, मागं गेले, माळकऱ्यांच्या ओळीत बसले आणि टेकाडाकडं पाठ केली, म्हणजे पाहिल्याचाही दोष नको. सखूबाईनं स्टेरिंग फिरवलं. बोटीनं आधी एक मोठा गोल घेतला, मग उलट्या बाजूनं आणखी एक. पार्टीला वाटलं हाही कार्यक्रमच आहे, "वन्स मोअर!" आनंदराव म्हणाले. तिसऱ्या गोलातून बोट सुटली ती सरळ टेकाडाच्या चिखलात जाऊन भिडली. सखूबाईनं इंजिन बंद केलं, पदर सोडला आणि म्हणाली, "या बसा."

प्रेरणा मॅडम गुडघाभर चिखलातून वर आल्या. त्यांच्या हातात एक चप्पल होती, दुसरी टेकाडानं ठेवून घेतली होती. धुणंवाल्यांनी बादलीतलं एक लुगडं पाय पुसायला दिलं. रखमाजींनी पुन्हा स्टेरिंग धरलं, आणि धक्क्यापर्यंत मॅडम त्या एकाच चपलेकडं बघत बसल्या. कुमार तर पखवाजाच्या आड बसला होता. त्याला दिसत होतं : सीझन गेला, काका गेले, मावससासूही गेली.

चार दिवसांनी पार्टीचा अभिप्राय आला. आनंदरावांनी मनापासून लिहिला होता. माणसं उत्तम, पिठलं उत्तम, भजन तर फारच उत्तम. तक्रार एवढीच, की परतीच्या प्रवासात बोट एकाही वाडीला थांबली नाही. जाताना जो आनंद मिळाला तो येताना हिरावून घेतला गेला. पुढच्या तीन पार्ट्या त्यांनी आपल्याच ओळखीतून ठरवल्या होत्या. प्रेरणा मॅडमचा फोन आला. "सीझन तुमचा. चालकही तेच काका. पण काठावरून कुणी हात केला की बोट थांबली पाहिजे, कुमार. ते आम्ही जाहिरातीत लिहिलंय."

कुमार धावत ओट्यावर गेला. "काका, शपथ सोडली मी तुमची!"

रखमाजी सुपारी कातरत होते. "तू कोन सोडनार? इठ्ठलाची हाय ती."

"मग आता?"

आतून सखूबाईचा आवाज आला. "मग आता काय? माजंबी नाव घाल फलकावर."

तेव्हापासून जोडबोट दोघं चालवतात. सरळ पाण्यावर रखमाजी. काठावर हात दिसला की ते उठतात, आभाळाकडं तोंड करतात, आणि सखूबाई बोट वळवते. आता तिला एकाच गोलात जमतं.

एवढं ऐकलंत, तर एक मागणं आहे. कधी त्या पाण्याकाठी उभे राहिलात, तुम्ही हात केलात, आणि स्टेरिंगवरचा म्हातारा तोंड फिरवून उभा राहिला, तर त्याला गर्विष्ठ म्हणू नका. ज्यानं जन्मभर एकही हात मोकळा जाऊ दिला नाही, त्याला आता आभाळाकडं बघायला किती जड जात असेल, एवढं आठवा, आणि मनातल्या मनात रखमाजींना एक रामकृष्णहरी घाला.